लाइमलाइट म्हणजे चुन्याचा उजेड

वर्तमानपत्र उघडावे तर रोज कोणी ना कोणी ‘लाइमलाइट’मध्ये आलेला असतो. कधी एखादी नटी, कधी क्रिकेटचा खेळाडू, निवडणूक जवळ आली की एखादा पुढारी. हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की तो आला कोठून, हे कोणी विचारत नाही. प्रसिद्धीच्या झोतात असणे, एवढा अर्थ कळला की आपले काम भागते.

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी मी दहावी-बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. कचेरीतली कारकुनी सांभाळून जमेल तेवढे. तिथे एका मुलीने विचारले, “सर, लाइम म्हणजे लिंबू ना? मग लिंबाचा उजेड कसा पडेल?” मुले हसली; पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. इंग्रजीत लाइम हे दोन वेगळे शब्द आहेत. एकाचा अर्थ लिंबू, दुसऱ्याचा चुना. लाइमलाइटमधला लाइम म्हणजे चुना. ज्या चुनकळीवर पाणी टाकले की ती फसफसते, आणि जिचा चुना आपण भिंतीला फासतो, पानाला लावतो, तीच ती चुनकळी.

गोष्ट आहे दोनशे वर्षांपूर्वीची. विजेचे दिवे अजून यायचे होते. इंग्लंडमध्ये गोल्ड्सवर्दी गर्नी नावाच्या डॉक्टरने ऑक्सिजन आणि हायड्रोजन एकत्र जाळून अतिशय प्रखर ज्योत तयार करण्याचे प्रयोग केले. ती ज्योत चुनकळीवर धरली की चुनकळी सहजी वितळत नाही. तापून पांढरीशुभ्र लखलखते. पुढे थॉमस ड्रमंड या लष्करी इंजिनिअरने ही युक्ती आयर्लंडच्या मोजणीत वापरली. डोंगरमाथ्यावरून दुसऱ्या डोंगरावर नेम धरायचा, तर धुक्यात काही दिसत नसे. १८२५ साली त्याने पेटवलेला हा दिवा सुमारे १०० किलोमीटरवरून दिसला. लोक त्याला ‘ड्रमंड लाइट’ म्हणू लागले. आधी खटपट केलेल्या गर्नीचे नाव मागे पडले. लाइमलाइटचा स्वभाव असा पहिल्या दिवसापासूनच दिसतो.

१८३७ साली हा दिवा लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात आला. त्याचा झोत मुख्य नटावर टाकायचा, तो जिकडे जाईल तिकडे फिरवायचा. म्हणून ‘लाइमलाइटमध्ये असणे’ म्हणजे सर्वांच्या डोळ्यांपुढे असणे. विजेचे दिवे आले, चुन्याचा दिवा गेला. शब्द तेवढा उरला. स्पॉटलाइट आजही विकत मिळतो, लाइमलाइट फक्त बोलण्यात राहिला. मुलांना मी हेही सांगितले की, या अर्थाने लिहिताना शब्दाआधी ‘द’ घालावा आणि त्याचे अनेकवचन करू नये.

पण मला खरे सांगायचे आहे ते वेगळेच. हा दिवा आपोआप जळत नसे. प्रत्येक दिव्यापाशी एक माणूस उभा असे. ज्योतीच्या माऱ्याने चुन्याला खड्डा पडे, म्हणून त्याला चुन्याचा तुकडा सतत थोडा थोडा फिरवावा लागे. दोन्ही वायूंचे प्रमाण सांभाळावे लागे. चूक झाली तर स्फोटाची भीती. नटाच्या पावलागणिक झोत हलवायचा तो वेगळाच. एवढे करून तो माणूस स्वतः अंधारात उभा. नाटकाच्या जाहिरातीत नटाचे नाव मोठ्या अक्षरात छापत, त्याचे नाव कोण छापणार?

असा माणूस शोधायला आपल्याला लंडनला जायला नको. आपली गॅसबत्ती ही त्या दिव्याचीच चुलतबहीण. तिच्यातही ज्योतीने तापलेले मेंटल लखलखते. माझे वडील लहानपणी गावात जलसा आला की बत्तीपाशी बसत. उजेड मंद झाला की हवा भरायची, मेंटलला धक्का लागू द्यायचा नाही, हे त्यांचे काम. त्या शाहिरांची नावे गावात कितीतरी वर्षे लोकांच्या तोंडी होती. बत्ती कोण सांभाळायचे, असे मी विचारले तेव्हा वडील थोडे लाजून म्हणाले, “मीच की रे!” वरातीत डोक्यावर बत्ती घेऊन चालणाऱ्या बाया आपण पाहिल्या आहेत. सगळा उजेड नवरदेवावर, आणि बाईचा चेहरा कोणाच्या ध्यानातही राहत नाही.

आता आपल्याच मंडळांकडे पाहू. कार्यक्रमात व्यासपीठावर सत्कारावर सत्कार होतात, फलकावर फोटो झळकतात. सतरंज्या घालणारा, खुर्च्या मोजून परत देणारा, जेवणाच्या पातेल्यापाशी दिवसभर उभी असलेली ताई यांची नावे आभार मानताना राहून जातात. आमच्याकडे अभ्यासिकेची किल्ली सांभाळणारा एक मुलगा होता. पहाटे उघडायचा, रात्री झाडून बंद करायचा. तो भांडला नाही, रुसला नाही. एक दिवस नुसता यायचा थांबला. अभ्यासिका तीन महिने बंद राहिली. ऐन परीक्षेच्या दिवसांत पोरांना रस्त्यावरच्या दिव्याखाली बसावे लागले. तेव्हा सर्वांना विचारावेसे वाटले, अरे, तो मुलगा कुठे गेला?

मी कारकून माणूस. माझा विश्वास नोंदीवर. आमच्या मंडळात आता मी एक साधी वही घातली आहे. कार्यक्रम झाला की कोणी काय काम केले, ते नावानिशी लिहायचे आणि पुढच्या बैठकीत सर्वांत आधी तेच वाचायचे. खर्च एका वहीचा. पहिल्यांदा नावे वाचली तेव्हा स्वयंपाक करणाऱ्या एका आजींनी आपले नाव पुन्हा एकदा वाचायला सांगितले. किल्लीवाल्या मुलाच्या घरीही आम्ही जाऊन आलो. तो पुन्हा येऊ लागला आहे.

वाचकहो, आपापल्या वस्तीत अशी एक वही घालून पाहा. पहिल्या पानावर कोणाचे नाव येते, ते शोधायला तुम्हाला फार लांब जावे लागणार नाही.