बक्षिसाविना शेवट

मुलांसाठी गोष्ट लिहिताना मला सर्वांत दुस्तर वाटतो तो शेवट. आणि नायक चारचौघांहून निराळा असला, की तो शेवट लेखकाची कसोटीच पाहतो. हान्स क्रिस्तियन अँडरसन यांची १८४३ सालची कुरूप पिल्लाची कथा, जी गदिमांच्या गीतामुळे मराठी घराघरांत पोचली, ती मला आजही हेलावून टाकते. परंतु ते पिल्लू बदकच निघाले असते आणि बेढबच राहिले असते, तर तळ्यावर त्याला कोणती जागा मिळाली असती, याविषयी ती कथा मौन पाळते, आणि माझ्यासमोर सतरंजीवर बसणारी बहुतेक मुले तर राजहंस निघायची नसतात.

म्हणून मन्रो लीफ यांचा फर्डिनंड मला अधिक जवळचा. स्पेनमध्ये यादवी पेटली त्याच वर्षी, १९३६ साली, अमेरिकेत निघालेल्या या चिमुकल्या पुस्तकातला स्पॅनिश बैल, बरोबरीचे गोऱ्हे टकरा घेत असता, बुचाच्या झाडाखाली फुले हुंगत बसतो. आई काळजीने विचारपूस करते, आणि त्याला एकटेपणा वाटत नाही अशी खात्री पटताच त्याला तिथेच बसू देते. पुढे माद्रिदच्या रिंगणातही तो, प्रेक्षक स्त्रियांच्या केसांतल्या फुलांचा सुगंध घेत, स्वस्थ बसून राहतो. तो काहीही जिंकत नाही. त्याला घरी पोचवावे लागते, एवढेच. फ्रँकोच्या राजवटीने या पुस्तकावर बंदी घातली, हा मला त्या शेवटाच्या सामर्थ्याचा सबळ दाखला वाटतो.

मी स्वतः एका डावखुऱ्या मुलीची गोष्ट लिहीत असता तिने काढलेली रांगोळी, पहिले बक्षीस, परीक्षकांचा अनुकूल शेरा आणि आजीची दिलजमाई असा शेवट आयताच पुढ्यात आला होता. तो मी नामंजूर केला. कारण ते बक्षीस तिच्या हाताला मिळालेले माफीपत्र ठरले असते, आणि ज्या डावखुऱ्या मुलाला रांगोळी येतच नाही त्याची दरखास्त पडूनच राहिली असती. आता गोष्टीत आजी पंगतीत वाढू लागते, नातीचा हात दर घासाला चटणीत बुडतो हे पाहते, आणि काही न बोलता तिच्यापुरती चटणी-कोशिंबीर उजवीकडे व भाजी डावीकडे वाढते. ‘मग बक्षीस कधी मिळालं?’ असे एखादे मूल विचारतेच. त्याला मी पानात पुढे काय काय आले ते सांगतो: वरणभात, अळूची भाजी, आणि तिने दुसऱ्यांदा मागून घेतलेली जिलबी.