लिथबाई

लिथबाईंना काहीही विचारा, उत्तर दोनच: हो किंवा नाही. तळ्यात की मळ्यात. काठावर रेंगाळणं त्यांना मंजूर नाही. फोटोची साधी फिल्म भिडस्त. उजेड कमी पडला तर फिका करडा, जास्त पडला तर गडद, सगळ्यांचं मन राखणार. लिथ फिल्मच्या घराण्यात करडा जन्मालाच येत नाही. उजेड मापापलीकडे गेला की काळंकुट्ट, अलीकडे राहिला की काचेसारखं स्वच्छ. छापखान्यानं त्यांना अक्षरांसाठी आणलं. अक्षरांना असाच स्वभाव मानवतो.

तांबडा रंग त्यांना दिसत नाही, म्हणून तांबड्या दिव्यात निर्धास्त वावरतात. डेव्हलपर मात्र खास लागतो. ए आणि बी या दोन बाटल्या आयत्या वेळी एकत्र करायच्या. मग त्याचा दम फार टिकत नाही. आमची डार्करूम म्हणजे न्हाणीघर. मे महिन्यात 20 अंश राखायचे, तर ट्रेखाली बर्फाची परात. सुरुवातीला काहीच घडत नाही. मग कुठंतरी सावली धरते, एक ठिपका शेजारच्याला चिथावतो आणि बघता बघता काळं पसरतं. पावणेतीन मिनिटांत निकाल.

अशा बाईंकडून माणसाचा चेहरा कसा काढून घ्यायचा? अँडी वॉरहॉलनं 1962 साली मेरिलिन मन्रोचे रंग आधी हातानं भरले आणि वर जाळीच्या स्क्रीनमधून फोटोचा काळा छाप ओढला. मला रंगवता येत नाही. मी काकांच्या फोटोची निगेटिव्ह एन्लार्जरला लावली आणि लिथबाईंच्या घरच्या तीन बहिणी, म्हणजे तीन फिल्म, बोलावल्या. पहिलीला 5 सेकंद उजेड, दुसरीला 10, तिसरीला 20. पहिलीनं मिशी, भुवया आणि टोपीखालची सावली तेवढी काळी केली. दुसरीनं त्यात गालाची खळगी धरली. तिसरीनं कपाळावरची चमक आणि पांढरा सदरा सोडून सगळंच. तिघींचा स्वभाव एक. ‘हो’ म्हणायची वेळ तेवढी वेगळी. धुळीमुळे पडलेली टाचणीएवढी भोकं ब्रशनं ओपेक, म्हणजे उजेड अडवणारा रंग, लावून बुजवली.

मग छपाईसाठी इमल्शन लावलेल्या स्क्रीनच्या जाळीवर एकेक फिल्म ठेवून उजेड दिला. उघड्या जागी इमल्शन पिकलं. काळ्याखाली कच्चं राहिलं, ते पाण्यानं निघून गेलं. शाई उतरणार तिथूनच. आधी तिसरीची फिकी राखाडी, ती वाळल्यावर दुसरीची गडद राखाडी, शेवटी पहिलीची काळी. कागदाचा पांढरा धरून चार छटा. पहिल्या कागदावर रजिस्टर, म्हणजे तिन्ही छापांची जुळणी, सरकलं आणि काकांना दोन मिशा आल्या. दुसऱ्यावर खुणा नीट जुळल्या.

छाप हातात घेतला तर गालावर पायऱ्या पडलेल्या, डोंगराच्या नकाशावर असतात तशा. दारातून पाहिला तर गाल गोल. काकांनी आधी चष्मा लावून पाहिलं, मग काढून.

“चष्म्याशिवाय बरा दिसतो की मी,” म्हणाले.