जुन्या कॉम्प्युटरची खिडकी कोण उघडी ठेवतंय?

पद्मानगर, शांतीनगर, नारपोली भागातल्या पाच-सहा लूमवाल्यांचे हिशेब मी बघतो. त्यातल्या निम्म्या ऑफिसांत अजून विंडोज ७ आहे, आणि ते काही हौसेनं ठेवलेलं नाही. जुनं टॅली त्यावर चालतं, चलन छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर त्यावर चालतो, आणि ज्या पोरानं हे सगळं बसवून दिलं तो आता दुबईत आहे. मशीन धडधाकट आहे. बंद पडतो तो ब्राउझर.

गूगलनं २०२३ च्या सुरुवातीला क्रोम १०९ ही विंडोज ७ साठीची शेवटची आवृत्ती दिली आणि विषय संपवला. लगेच काही होत नाही. वर्ष-दीड वर्षानं एखादी साइट अर्धीच उघडते, कॅप्चा दिसत नाही, बटण दाबलं की नुसतं चक्र फिरत बसतं. अशाच एका सरकारी पोर्टलवर अर्ज अडकला म्हणून मी हेल्पलाइनला फोन लावला. उत्तर आलं, "लेटेस्ट ब्राउझर वापरा." शेजारी बसलेल्या शेठनी विचारलं, "तो कितीला पडतो?" ब्राउझर फुकट आहे हो शेठ, पण तो चालायला कॉम्प्युटर नवा लागतो. मग टॅली नवं, प्रिंटर नवा. मंदीत ज्याचे निम्मे लूम बंद आहेत त्याला हा खर्च परवडत नाही.

आता गंमत बघा. त्याच शेठच्या कारखान्यात जे लूम चालतात ते त्यांच्या वडिलांनी सेकंडहँड घेतलेले. बनवणारी कंपनी आहे की बुडाली, कुणाला ठाऊक नाही. तरी चालतात, कारण लूम उघडता येतं. धोटा, गियर, पिकर, जे जाईल ते इथेच मिळतं किंवा लेथवाला बनवून देतो. आमचा जॉबर म्हणतो, "कंपनी विचारू नका, काय मोडलंय ते सांगा."

ब्राउझरच्या बाबतीतही असे जॉबर आहेत, आणि हे मला कळलं तेव्हा खरंच बरं वाटलं. क्रोम ज्यापासून बनतो तो क्रोमियमचा कोड खुला आहे, कुणीही घेऊ शकतो. तो घेऊन काही हौशी प्रोग्रामर सुपरमियम नावाचा ब्राउझर बनवतात. तो विंडोज ७ वरच काय, एक्सपीवरही चालतो. फायरफॉक्सच्या खुल्या कोडवरून मायपाल बनतो, तोही एक्सपीसाठी. हे काम करणारे बरेच जण टोपणनावानंच ओळखले जातात. नोकरी सांभाळून, रात्री जागून करायचा हा उद्योग.

आणि काम सोपं नाही. नव्या क्रोमियमला विंडोजच्या ज्या सोयी लागतात त्या जुन्या विंडोजमध्ये नसतात. मग त्या बाहेरून जोडायच्या, किंवा कोडमध्ये शिरून वळसा काढायचा. बरं, एकदा जमलं म्हणजे झालं असंही नाही. क्रोमची नवी आवृत्ती दर काही आठवड्यांनी येते. प्रत्येक वेळी आपली ठिगळं नव्या कापडावर पुन्हा बसवायची. मध्ये सुरक्षेची भोकं सापडली तर ती त्याआधीच बुजवायची. एक माणूस आजारी पडला, कंटाळला, की सगळं थांबतं. म्हणून स्पष्ट सांगतो: बँकेचा व्यवहार अशा जुन्या मशीनवर करू नका. ब्राउझर कितीही नवा केला तरी खालचं विंडोज जुनंच राहतं, त्याच्या भोकांना ब्राउझर काही करू शकत नाही. "लिनक्स टाका" हा सल्लाही मला लोक देतात. टाकलं असतं, पण टॅलीचं काय?

कुणी म्हणेल हौशी लोकांच्या कामाला किती महत्त्व द्यायचं. मग थोडा इतिहास ऐका. केडीई नावाच्या प्रकल्पातल्या प्रोग्रामर मंडळींनी आपल्या लिनक्स डेस्कटॉपसाठी केएचटीएमएल नावाचं इंजिन लिहिलं. ॲपलनं ते उचलून त्यावर सफारी उभा केला, जानेवारी २००३ मध्ये जगाला दाखवला. त्यातून वेबकिट झालं. २००८ मध्ये गूगलनं क्रोम काढला तो वेबकिटवरच, आणि २०१३ मध्ये त्याची स्वतंत्र शाखा करून ब्लिंक नाव दिलं. आज ज्या क्रोमवर सरकारी पोर्टलं तपासली जातात त्याचं मूळ हे असं आहे. मोझिलाचंच घ्या. २००५ मध्ये त्यांनी आपला जुना एकत्रित ब्राउझर पुढे न्यायचा नाही असं ठरवलं, तेव्हा स्वयंसेवकांनी तो सीमंकी नावानं चालू ठेवला.

आपल्या सरकारनंही स्वदेशी ब्राउझरचा विषय काढला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं स्पर्धा जाहीर केली. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला, पहिलं एक कोटीचं बक्षीस झोहो कंपनीला मिळालं. झोहोचा उला हाही क्रोमियमवरच बनलेला. त्यात वाईट काही नाही, सगळे तेच करतात. झोहोबद्दल माझी तक्रारही नाही. माझा आक्षेप बक्षिसाच्या पद्धतीला आहे. ब्राउझर बनवणं हा एक दिवसाचा समारंभ नव्हे, तो दर महिन्याचा मेंटेनन्स आहे. एक कोटी एकदाच देण्यापेक्षा दहा पोरांना पाच वर्षं पगार द्या. जुन्या मशीनवर चालेल असा ब्राउझर, त्याचे सुरक्षा अपडेट, मराठी-उर्दू-तेलुगू मेनू, एवढंच काम. भिवंडीत तिन्ही भाषांचे लोक एका गल्लीत सापडतात, तपासायला लांब जायला नको. इंजिनिअरिंग करून गोडाऊनमध्ये पार्सल स्कॅन करणारी पोरंही इथे आहेत.

आणि त्याहून स्वस्त एक गोष्ट आहे, तिला तर कोडही लिहावा लागत नाही. पोर्टलचं टेंडर काढताना एक अट घाला: फॉर्म साध्या एचटीएमएलमध्ये असावा, आणि काम ताब्यात घेण्याआधी दहा वर्षं जुन्या कॉम्प्युटरवर भरून दाखवावा. भिवंडी महापालिकेनं आपल्या मालमत्ता कराच्या पानापासून सुरुवात केली तरी चालेल. मशीन मिळत नसेल तर नारपोलीतल्या शेठचं आहे, ते हो म्हणालेत. फक्त दुपारी दोन ते चार, तेव्हा चलनं छापायची नसतात.