भिंतीमागचं पाणी

कोल्हापुरात मी इमारतींचं स्ट्रक्चरल डिझाइन करायचे. २०१८ साली आम्ही कायमच्या वास्तव्याची परवानगी (पीआर) घेऊन मिसिसॉगात आलो. माझी पदवी आणि कामाची वर्षं तपासून, त्यांना गुण देऊनच कॅनडाने आम्हाला बोलावलं होतं. त्यामुळे पहिल्याच मुलाखतीत ‘कॅनेडियन एक्स्पीरियन्स आहे का?’ असं विचारलं गेलं, तेव्हा संताप आला. देशात येताना जो अनुभव चालतो तो नोकरी मागताना का चालू नये? मला हा अन्याय वाटला, आजही वाटतो.

ऑन्टारिओच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ मध्येच ही अट सकृतदर्शनी भेदभाव ठरवली होती. पण इंजिनिअरच्या परवान्यासाठी तेव्हा नियमच होता: चार वर्षांच्या अनुभवातलं किमान एक वर्ष कॅनडातलं हवं. आणि ते वर्ष मिळवायला आधी कुणीतरी कामावर घ्यायला हवं.

घरभाडं थांबत नाही. एजन्सीमार्फत ब्रॅम्प्टनच्या एका गोदामात रात्रपाळीला पॅकिंग करू लागले. शेजारी पंजाबी शिक्षिका, फिलिपिन्सची नर्स, नायजेरियाचे अकाउंटंट. मधल्या सुट्टीत डबे उघडले की प्रत्येकजण आपलं मूळचं काम सांगायचा, आणि बाकीचे ते मन लावून ऐकायचे.

नवागतांच्या केंद्रात रेझ्युमेतून फोटो, जन्मतारीख, लग्नाचा उल्लेख काढायला शिकवलं. तिथेच एक निवृत्त इंजिनिअर मार्गदर्शक म्हणून लाभले. ते म्हणाले, “बर्फ आणि गोठणारी जमीन, एवढं शिका. बाकीचं तुम्हाला येतं.” टोरांटोच्या आसपास पाया साधारण चार फूट खाली न्यावा लागतो, कारण हिवाळ्यात मातीतलं पाणी गोठून फुगतं आणि उथळ पाया उचलला जातो. बर्फही छपरावर सारखा बसत नाही. उंच भिंतीलगत वारा त्याचे ढीग लावतो, तिथला भार वेगळा धरायचा. भूकंपाची गणितं मी आयएस १८९३ या भारतीय संहितेप्रमाणे करत आले होते. इथली संहिता निराळी, शास्त्र तेच. ग्रंथालयात बसून हे सगळं शिकता आलं.

मग एका छोट्या कार्यालयात मुलाखत झाली. तिथल्या इंजिनिअर बाईंनी रिटेनिंग वॉलचं ड्रॉइंग पुढे ठेवलं आणि काय राहिलंय ते विचारलं. मी म्हटलं, “भिंतीमागचं पाणी निघणार कुठून?” पन्हाळ्याच्या रस्त्यावर पावसाळ्यात पोट सुटलेल्या भिंती मी लहानपणापासून पाहत आले होते. त्यांनी मला ड्राफ्टिंगच्या कामावर घेतलं, आणि त्यांच्याच हाताखाली माझं परवान्याचं वर्ष भरलं.

२०२३च्या मे महिन्यात परवान्यासाठीची ती अट गेली. १ जानेवारी २०२६पासून ऑन्टारिओत पंचवीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना नोकरीच्या जाहिरातीत आणि अर्जात कॅनडातला अनुभव मागता येत नाही. आमचं कार्यालय त्याहून लहान, म्हणून हा कायदा आम्हाला लागू नाही. अर्ज आता मी चाळते. परदेशातलं काम लिहिलेला अर्ज आला की त्या माणसाकडून आधी त्याची ड्रॉइंग्ज मागवते.