जिवाणी

ऑगस्ट २०१९ मधील कृष्णेचा महापूर ओसरला, तेव्हा सांगलीजवळच्या आमच्या घरातील आड गढूळ पाण्याने काठोकाठ भरलेला होता. आईने नित्याप्रमाणे दुपदरी वस्त्राने पाणी गाळले. परंतु पुराच्या पाण्यात मैला आणि मृत जनावरांची घाण मिसळते, आणि तिच्यातील रोगजंतू वस्त्रातून सहज पार होतात. आरोग्यसेविका टीसीएल पावडर घेऊन दारात आल्या. आड उपसावा, पावडर टाकावी, पिण्याचे पाणी उकळावे, एवढेच त्यांचे सांगणे.

आई गप्प. असंख्य जीवांचा घात, तोही चातुर्मासात? शेजारची लेकरेही हेच पाणी पितात, असे मी म्हणालो. (माझ्या स्वरातील आवेशाचा आज संकोच वाटतो.) बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "टाका, पण माझ्यासमोर टाका."

तांब्यातील जिवाणी तशीच राहिली होती. जेथले पाणी, तेथेच ती सोडायची. "हे पाणी आडाचे कुठे? कृष्णेचेच की," असे म्हणत ती चिखल तुडवीत घाटाकडे निघाली. त्या संध्याकाळी प्रतिक्रमणाला ती नेहमीपेक्षा पुष्कळ वेळ बसली.