डेटाबेस 'नाही' म्हणतो तेव्हा

प्रोग्रामरच्या नोकरीची पहिली काही वर्षं एरर कोड म्हणजे निव्वळ कटकट असते. स्क्रीनवर ओआरए-००९४२ उमटलं की तो आकडा उचलायचा, इंटरनेटवर शोधायचा, कुणीतरी दिलेला उपाय चिकटवायचा आणि सुटायचं. मग येतो लपवालपवीचा काळ. प्रत्येक क्वेरीभोवती ट्राय-कॅच, आणि ग्राहकाला एकच गुळगुळीत वाक्य: 'काहीतरी चुकलं, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.' या आकड्याकडे पाहूनच पुढचं पाऊल ठरवायचं असतं, हे उमगायला पुष्कळ वर्षं जातात. सपोर्टच्या रात्रपाळ्या ते जरा लवकर शिकवतात. माझं म्हणणं त्याहून थोडं पुढे जातं. काही प्रश्नांचं भरवशाचं उत्तर डेटाबेस फक्त एररमधूनच देऊ शकतो. अशी एरर टाळण्यासाठी आटापिटा करू नये. ती येऊ द्यावी आणि नीट वाचावी.

'एका मोबाइल नंबरावर एकच खातं' हा साधा नियम घ्या. सरळमार्गी प्रोग्राम आधी सिलेक्ट करून नंबर आहे का बघतो आणि नसला तर इन्सर्ट करतो. पण त्या दोहोंच्या मधल्या काही मिलिसेकंदांत दुसऱ्या सर्व्हरवरून तोच नंबर आत शिरला, तर मघाचं 'नाही' हे उत्तर शिळं झालेलं असतं. शेवटचा शब्द युनिक कॉन्स्ट्रेंटचाच, आणि तो येतो एररच्या वाटेने: पोस्टग्रेसक्यूएलमध्ये २३५०५, मायएसक्यूएलमध्ये १०६२, ओरॅकलमध्ये ओआरए-००००१. यावर कुणी म्हणेल, की मग आधी तपासूच नये का? जरूर तपासावं. फॉर्म भरतानाच माणसाला सांगितलेलं बरं. पण ते सौजन्य झालं, त्यावर विसंबता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: पोस्टग्रेसमध्ये एक एरर आली की अख्खी ट्रान्झॅक्शन नासते आणि पुढच्या प्रत्येक क्वेरीला २५पी०२ मिळत राहतो. हे खरं आहे. म्हणूनच सेव्हपॉइंट आहे, आणि ९.५ आवृत्तीपासून 'ऑन कॉन्फ्लिक्ट'ही आहे.

आता नेहमीची तक्रार: कोड वाचायचे म्हणजे एका कंपनीच्या दावणीला बांधून घ्यायचं. पूर्वी ही तक्रार रास्त होती. एसक्यूएलकोड नावाचा जुना आकडा शून्य असला तर ठीक, १०० असला तर ओळ सापडली नाही आणि ऋण असला तर चूक, एवढंच सांगायचा. बाकी अर्थ ज्याचा त्याचा. १९९२ च्या प्रमाणकाने पाच अक्षरांचं एसक्यूएलस्टेट आणलं. त्यातली पहिली दोन अक्षरं वर्ग सांगतात: ०८ जोडणीचा, २३ डेटाच्या नियमभंगाचा, ४० ट्रान्झॅक्शन मागे फिरवल्याचा. पण नुसत्या वर्गावर भागत नाही. मायएसक्यूएल दुबार नोंदीलाही २३००० म्हणतं आणि फॉरेन की मोडली तरी २३०००च. तेव्हा कंपनीचा खास आकडा बघावाच लागतो. तो एकाच ठिकाणी बघून बाकीच्या प्रोग्रामला आपल्या शब्दांत सांगावा, म्हणजे दावण आखूड राहते. एररचा मजकूर शोधणं हा मात्र मार्गच नव्हे. पोस्टग्रेसचे संदेश सर्व्हरच्या भाषेप्रमाणे बदलतात, मायएसक्यूएलने ८.०.१९ मध्ये दुबार नोंदीच्या संदेशात की-च्या नावाआधी टेबलाचं नाव घातलं, तेवढ्यानेही मजकुरावर बेतलेला कोड कोलमडू शकतो.

'काही बिघडलं तर रिट्राय करा' हा सल्ला तर सर्वांत घातक. २३५०५ शंभर वेळा रिट्राय केला तरी नियम तोच राहणार. ४०००१ मात्र स्वच्छपणे सांगतो, की ट्रान्झॅक्शन रद्द झाली, पहिल्यापासून सुरू करा. खरी गोम १२०५ मध्ये आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये तो डेडलॉक, म्हणजे सगळं मागे फिरलेलं. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत तोच आकडा म्हणजे लॉकची वाट पाहून थकणं, आणि तिथे मूळ सेटिंगमध्ये फक्त शेवटचं वाक्य मागे फिरतं. पहिल्या खात्यातून पैसे वजा झालेत, दुसऱ्यात जमा करताना १२०५ आला, आणि रोलबॅक न करता प्रोग्रामने नव्याने 'स्टार्ट ट्रान्झॅक्शन' म्हटलं, तर अर्धवट काम गुपचूप कमिट होतं. रिट्रायमध्ये पैसे पुन्हा वजा.

आणि कमिट पाठवल्यावर, उत्तर येण्याआधीच जोडणी तुटली तर? काम झालं की नाही हे ०८ वर्गातला कोणताच कोड खात्रीने सांगू शकत नाही. इथे एररची आधीच तजवीज करावी लागते: प्रत्येक व्यवहाराला पाठवणाऱ्यानेच एक क्रमांक द्यायचा, त्यावर युनिक कॉन्स्ट्रेंट लावायचा आणि शंका आली की तोच व्यवहार त्याच क्रमांकाने पुन्हा पाठवायचा. पोस्टग्रेस एररसोबत कॉन्स्ट्रेंटचं नावही वेगळं देतं. ते नाव या क्रमांकाचं असेल, तर आलेल्या २३५०५ चा अर्थ पैसे पहिल्याच वेळी पोचले असा होतो, आणि ग्राहकाला 'व्यवहार पूर्ण' असंच दाखवायचं असतं.