कोणीच न बांधलेली स्टेज

मारिओच्या पहिल्या जगातल्या दुसऱ्या स्टेजच्या शेवटी, बाहेर पडायच्या पाइपाच्या वर, विटांची एक भिंत आहे. तिथल्या नेमक्या विटा फोडायच्या, पाइपावर उभं राहायचं आणि खाली बसल्या बसल्या उलटी उडी घ्यायची. नेम बरोबर लागला तर मारिओ भिंतीतून आरपार सरकतो. पलीकडे तीन पाइप असतात. वरची पाटी उमटायच्या आत डावीकडच्या पाइपात उतरलं की जगाच्या आकड्याची जागा कोरी दिसते, तिच्यापुढे एक आडवी रेघ आणि एक. मायनस वन. पाण्याखालची स्टेज. तिच्या टोकाच्या पाइपात शिरलं की पुन्हा सुरुवात. वेळ संपेपर्यंत पोहत राहायचं, मग मरायचं.

सप्टेंबर 1985 मध्ये जपानमध्ये हा खेळ बाजारात आला तेव्हा ही स्टेज कोणीच रचलेली नव्हती. पाटी उमटायच्या आधी पाइप कुठे न्यायचा हे यंत्राला ठाऊक नसतं. ते चुकून छत्तिसावं जग उघडतं, आणि छत्तीस या क्रमांकावर अंकाच्या ऐवजी रिकामा चौकोन ठेवलेला. एवढंच. एका हिशेबातली गफलत. पण त्या पाण्यात पोहताना अंगावर जो काटा यायचा, तो नीट बांधलेल्या एकाही स्टेजने दिला नाही. जिथे कोणी बोलावलं नव्हतं तिथे आपण पोचलो होतो.

ही वाट कुठल्या पुस्तकातून सिंदेवाहीत आली नाही. नागपूरला मामाकडे सुट्टी काढून आलेला एखादा पोट्टा ती घेऊन यायचा, आणि थोड्याच दिवसांत ती गल्लीभर पाठ व्हायची. गोंदिया–चांदाफोर्ट रेल्वेमार्गावरचं हे धानाचं गाव. इथल्या संशोधन केंद्रातून निघालेल्या धानाच्या वाणांना गावाचं नाव लागलं. भोवती ब्रह्मपुरी वनविभागाचं जंगल, आणि जंगलात वाघ. अंधार पडला की घरचे पोरांना आत ओढायचे. अशा गावात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम म्हणजे संध्याकाळनंतर उघडं राहिलेलं एकुलतं एक मैदान होतं.

तो डबाही अस्सल नव्हता. निन्टेन्डोने 1983 साली जपानमध्ये काढलेला फॅमिकॉम आमच्यापैकी कोणी पाहिला नव्हता. तैवान आणि चीनमधल्या कारखान्यांनी त्याच्या नकला काढल्या, त्या नकला जत्रेतून, तालुक्याच्या दुकानांतून घरोघरी आल्या. रिमोटची वायर आखूड, म्हणून टीव्हीला नाक लावून बसायचं. कॅसेटवर छापलेलं असायचं ‘9999999 इन 1’. ती लावली की यादीमागे एक समुद्रकिनारा उघडायचा. वर पक्षी उडत, आणि एक संथ, हळवी चाल वाजत राहायची. ती 1955 सालच्या ‘अनचेन्ड मेलडी’ या इंग्रजी गाण्याची चाल आहे, हे कळायला गावात इंटरनेट यावं लागलं. समुद्र न पाहिलेल्या कितीतरी पोरांनी पहिला समुद्र त्या यादीमागे पाहिला.

यादी संपता संपत नसे; खेळ मात्र मोजकेच. कॉन्ट्रा, टँक, मारिओ आणि आणखी काही. तेच खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे. एकात तिसऱ्या स्टेजपासून सुरुवात, दुसऱ्यात मारिओची उडी दुप्पट उंच, तिसऱ्यात सगळं तसंच, फक्त नाव वेगळं. पुढच्या नंबराखाली कदाचित नवा खेळ निघेल, या आशेवर एकेक नंबर उघडत दुपारी सरायच्या. त्या शोधाची गोडी मला नंतर क्वचितच कशात मिळाली.

कॅसेट चालली नाही की तिच्या तोंडात फुंकर मारायची. खरं तर फुंकरीने काही होत नसे. काढून पुन्हा बसवल्यामुळे आतल्या पिना नीट टेकायच्या. तरी फुंकरीचा मान ठरलेला असायचा, तो ज्याच्या घरचा टीव्ही त्याचा. कॉन्ट्रात शत्रू आणि गोळ्या एका रांगेत दाटल्या की चित्रं लुकलुकायला लागायची. यंत्राला एका आडव्या ओळीत आठच हलती चित्रं दाखवता येत. नववं आलं की कोणाला तरी क्षणभर गाळावं लागे. हे कारण तेव्हा कोणाला ठाऊक असणार? पण डोळे शिकले होते. लुकलुक सुरू झाली की समजायचं, न दिसणारी गोळीही इथेच कुठेतरी आहे. मागे बसलेला ओरडायचा, ‘वाक रे, वाक!’ आणि वाकलं की जीव वाचायचा. यंत्राची अडचण आम्ही इशारा म्हणून वाचायला शिकलो होतो.

मग कॉम्प्युटर आले, आणि त्यांच्याबरोबर ‘प्रोजेक्ट आयजीआय’. नॉर्वेतल्या इनरलूप स्टुडिओज या कंपनीने केलेला, डिसेंबर 2000 मध्ये आलेला हा खेळ. कंपनीने आधी लढाऊ विमानाचा एक खेळ केला होता, त्याच्याच सांगाड्यावर हा उभारलेला. म्हणून त्यातले डोंगर आणि मोकळी माळरानं नजर पोचेल तिथवर पसरलेली, आणि त्या विस्तारात जोन्स नावाचा एकटा माणूस. दोष ढळढळीत होते. एकदा धोक्याचा भोंगा वाजला की शिपाई निघतच राहायचे. आणि सगळ्यात मोठा दोष असा की मिशनच्या मध्ये कुठेही खेळ राखून ठेवता येत नसे. शेवटच्या दारात मेलात तरी पहिल्या कुंपणापासून सुरुवात.

हा दोष ओस्लोत बसून कळायचा नाही, तो आमच्याकडे कळायचा. 2005 नंतरची ती वर्षं भारनियमनाची. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता तेव्हा 2340 मेगावॅट होती. वीज आमच्याच जिल्ह्यात जन्मायची आणि तारांवरून दूर निघून जायची. जोन्स शेवटच्या इमारतीपर्यंत पोचलेला, खोलीतल्या सगळ्यांनी श्वास धरलेला, आणि काळोख. ‘लाईन गेली!’ तासाभराची मेहनत गेली. तरी कोणी उठून जात नसे. अंधारात तिथेच बसून पुढचा बेत व्हायचा: कॅमेरा कुठे आहे, कोणता शिपाई पाठमोरा असतो, शिडी कुठून चढायची. लाईन आली की सगळे नकाशे डोक्यात तयार. खेळाला आठवण नव्हती म्हणून ती आम्ही ठेवली, वाटून घेऊन, एकेकाने एकेक कोपरा. आज मला शोक वाटतो तो त्या खोलीचा. रिमोट किंवा माऊस एकाच्या हातात आणि खेळ सगळ्यांचा, अशी ती खोली.

या सुखाला अपराधाची किनार होती. रोवणीच्या दिवसांत आई गुडघाभर चिखलात वाकलेली असायची आणि पोरगा पडद्यासमोर. ती टोचणी खरी होती, आणि आईच्या कष्टापुढे ती असायलाच हवी होती. दुसरी टोचणी मागाहून आली. शिकायला नागपूर-पुण्याला गेल्यावर कळलं की ज्यांच्यावर आपण जीव टाकला ते खेळ जाणकारांच्या लेखी दुय्यम आहेत. परीक्षणांत आयजीआयला ठिकठिकाणी बोल लावलेले. मग आवड सांगताना आवाज खाली जायला लागला. ‘तसा तो काही फार चांगला नाही, पण...’ अशी सुरुवात व्हायला लागली. ही टोचणी आमची नव्हती, ती आम्हाला शिकवली गेली. तिचं मला आज वाईट वाटतं.

कारण आमच्या मातीत आवड लपवायची रीत नाही. दिवाळी सरली की या जंगलपट्ट्यातली, झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक, आणि नाटक चालतं पहाटेपर्यंत. मंडप शेतात उभा राहतो, थंडी कडाक्याची, माईक मध्येच कुरकुरतो, प्रसंग ताणले जातात, भावना मोठ्या आवाजात बोलतात. शहरातल्या रसिकाने यात बोट ठेवायच्या जागा खुशाल मोजाव्यात. पण इथला माणूस घोंगडी घेऊन येतो, तिकीट काढतो, रडायच्या जागी रडतो आणि सकाळी तसाच धानाच्या कामाला लागतो. हे नाटक आवडलं म्हणून त्याला कोणाकडे खुलासा द्यावा लागत नाही. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या गडचिरोली जिल्ह्यातल्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. लोकांनी मान कितीतरी आधीच दिला होता.

जगात दोषांची शिक्षा कशी होते तेही पाहायला मिळालं. 1982 च्या नाताळासाठी अटारी कंपनीने ‘ई.टी.’ चित्रपटावरचा खेळ एका माणसाकडून जेमतेम पाच आठवड्यांत करवून घेतला. तो पडला, आणि 1983 मध्ये न विकलेल्या मालाबरोबर त्याच्या कॅसेटी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरल्या गेल्या. एप्रिल 2014 मध्ये लोकांनी तो खड्डा पुन्हा उकरला. वाऱ्याधुळीत उभं राहून माणसं त्या चेपलेल्या कॅसेटींची वाट पाहत होती. जगातला सर्वांत वाईट म्हणून हिणवलेला खेळ, आणि त्याच्यासाठी एवढी गर्दी! त्या गर्दीतल्या माणसांना मी ओळखतो असं वाटतं.

आताचे खेळ चुकतात, पण चूक टिकत नाही. रात्री अपडेट येतं आणि भिंतीतलं भोक सकाळपर्यंत बुजलेलं असतं. खेळही टिकत नाही. सप्टेंबर 2020 मध्ये पबजीवर बंदी आली, आणि गावोगावची पोरं ज्या बेटावर रोज उतरायची ते हातातून गेलं. आमच्या कॅसेटी आमच्या हातात होत्या. ही बेटं कोणाच्याच हातात नाहीत. ज्या चुका आम्हाला वारशात मिळाल्या तशा या पोरांच्या वाट्याला येणार नाहीत. कोणत्या दगडामागे गोळी लागत नाही, कोणत्या कोपऱ्यात शिपाई अडकतो, हे मोठ्या भावाने धाकट्याला सांगायचं ज्ञान होतं. ते आता सांगण्याआधीच जुनं होतं.

तरी प्रेम जुळतंच. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने 2020 मध्ये ‘राजी’ आणला. हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या एका मुलीची ही गोष्ट. लढाई जागोजागी अडखळते, खेळ लवकर संपतो आणि शेवट तर मध्येच तुटल्यासारखा. पण तिथले वाडे, जाळ्या, भिंतींवरची चित्रं पाहताना पहिल्यांदा वाटलं की पडद्यातलं जग आपल्याही ओळखीचं असू शकतं. या खेळावर ज्यांचा जीव जडला, त्यांनी तो दोषांसकट जडवला.

अपुऱ्या खेळाने आम्हाला स्वतःत जागा दिली. जिथे त्याचं बळ सरलं तिथे आमची कल्पना, आमची आठवण, शेजारच्याची आरोळी कामाला लागली. परिपूर्ण वस्तूचं कौतुक होतं. अपुरी वस्तू माणसाला हाताशी धरते. म्हणून ज्यांनी आखूड वायरच्या रिमोटवर, गेलेल्या लाईनच्या अंधारात, कोणीच न बांधलेल्या पाण्यात आपलं बालपण घालवलं, त्यांना माझं एक सांगणं आहे. कोणी विचारलं तर खेळाचे दोष आधी सांगू नका. आधी सांगा की तो आवडला होता, आणि खूप आवडला होता.